पहिल्या खंडात किती जग सांगायचं? (मध्ययुगीन फॅन्टसी मालिका, मदत हवी आहे)

रात्रवही:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडा लांब होईल, सांभाळून घ्या.

गेली सहा वर्षं मी एक मध्ययुगीन फॅन्टसी मालिका लिहितेय, मराठीतच. चार खंड मनात आहेत. पहिल्याचा खर्डा या महिन्यात पूर्ण झाला: ४१ प्रकरणं, १,९२,००० शब्द. दिवसा नोकरी असते, त्यामुळे सगळं लिखाण रात्री दहानंतरचं आणि हाताने, वह्यांमध्ये. वह्या अठरा झाल्या आहेत.

खर्डा चार जणांना वाचायला दिला. तिघं पहिल्या साठ पानांत थांबले. त्यांनी कारणं वेगवेगळी दिली, पण थांबण्याची जागा जवळपास तीच. चौथीने पूर्ण वाचला आणि म्हणाली, "बाराव्या प्रकरणापासून मी वही खाली ठेवली नाही. त्याआधीचं तुझ्यासाठी वाचलं." हे वाक्य आठवडाभर डोक्यातून जात नाहीये.

थोडक्यात जग असं आहे. दोन मुलखांमधल्या उंच खिंडीत हिमद्वार नावाचा किल्ला. पाच राजघराणी, त्यांच्यात आठशे वर्षांपूर्वी झालेला करार. जादू एकच, आणि ती सगळ्या चार खंडांचा कणा आहे: हातात हात घेऊन दिलेला शब्द मोडला, तर मोडणाऱ्याचा तो हात कायमचा गार पडतो. शेकोटीत धरला तरी ऊब येत नाही. बाकी राक्षस, ड्रॅगन वगैरे काही नाही.

सुरुवातीला २२ पानांचा उपोद्घात आहे. त्यात कराराचा इतिहास, घराण्यांच्या शाखा, शब्दाचा नियम कसा आला ते सगळं. मग अकरा प्रकरणं धाकट्या राजपुत्राची, तो राजधानीहून हिमद्वारला येईपर्यंत. नेवा ही माझी खरी नायिका, वय सतरा, किल्ल्याच्या कोठारात मोजणीचं काम करते. ती बाराव्या प्रकरणात येते. वेढा पडतो विसाव्यात, आणि खंड संपतो तेव्हा वेढा चालूच असतो.

उपोद्घाताचा पहिला परिच्छेद देते, म्हणजे कल्पना येईल:

"पाच घराण्यांच्या उदयापूर्वी, जेव्हा उत्तरेच्या हिमराशी अजून आर्यम नदीच्या काठापर्यंत उतरत असत, तेव्हा शब्दमाता इरावेने पहिल्या पाच राजांचे हात आपल्या हाती घेऊन त्यांना शपथ दिली. ज्येष्ठ ओरवीनच्या वाट्याला उत्तर आली, मधल्या केदनच्या वाट्याला नदीची दोन्ही तीरे, आणि धाकट्या तिघांनी समुद्रापर्यंतची भूमी आपसात वाटून घेतली."

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. उपोद्घात ठेवू की काढू? नकाशा आणि वंशावळ पुस्तकाच्या सुरुवातीला द्यायची की शेवटी? आणि पहिल्या खंडाने किती संपवायला हवं? मालिका आहे म्हणजे सगळं लोंबकळत ठेवलं तर चालतं, असं मी धरून चालले होते. आता खात्री वाटत नाही.

स्पष्ट लिहा. वाईट वाटेल, पण मला हे पुस्तक नीट करायचं आहे.

उत्तरायण:

नकाशा सुरुवातीलाच ठेवा, प्लीज. मी तरी फॅन्टसी हातात घेतली की आधी नकाशाच उघडतो आणि वाचताना दहादा मागे जातो. वंशावळ मात्र शेवटी. अजून भेटलेलीच नाहीत त्या माणसांचे आजोबा-पणजोबा आधी कशाला? पुढील लेखनास शुभेच्छा.

पानोपान:

रात्रवही, सहा वर्षं आणि अठरा वह्या. आधी त्यासाठी मनापासून नमस्कार.

माझं वय साठीच्या पुढे आहे आणि या प्रकारच्या मालिकांचे पहिले खंड मी खूप वाचले आहेत. त्यातले कित्येक अर्धवट सोडले, म्हणून सोडण्याबद्दल मला जरा जास्त कळतं असं म्हणा.

उपोद्घाताबद्दल. टॉल्किनचं 'द फेलोशिप ऑफ द रिंग' १९५४ साली आलं, त्याला हॉबिट नावाच्या बुटक्या लोकांच्या चालीरीती आणि इतिहास सांगणारा चांगला लांब उपोद्घात आहे. पुष्कळ नवे लेखक त्याचा दाखला देतात. पण हॉबिट कोण हे पुष्कळ वाचकांना तेव्हा आधीच ठाऊक होतं, कारण त्याचंच 'द हॉबिट' १९३७ सालीच आलं होतं. ओळखीच्या माणसाच्या घराण्याची माहिती आपण आवडीने ऐकतो. तुमच्या ओरवीन आणि केदनला अजून कोणीच ओळखत नाही.

आता १९९६ सालचं 'अ गेम ऑफ थ्रोन्स' बघा. त्यालाही उपोद्घात आहे. पण त्यात काय आहे? बर्फाळ जंगलात तीन पहारेकरी, त्यातला एक नवा आणि घमेंडखोर, आणि झाडांमध्ये काहीतरी हलतंय. इतिहासाचं एक पान नाही. त्या जगात भिंत आहे, पहारा आहे, थंडीत काहीतरी वाईट आहे, एवढं त्या तिघांच्या भीतीतूनच कळतं. तेव्हा उपोद्घात असावा की नसावा हा मुद्दाच नाही. त्यात कोणाला तरी थंडी वाजत असली पाहिजे.

शेवटाबद्दल माझं मत ठाम आहे. टॉल्किनने 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' हे सगळं एकच पुस्तक म्हणून लिहिलं होतं, तीन खंड प्रकाशनाच्या वेळी झाले. तरीही पहिला खंड बरोबर अशा जागी थांबतो, की सोबत निघालेली मंडळी तिथे फुटतात. सोबतीची गोष्ट संपते, अंगठीची चालू राहते. 'अ गेम ऑफ थ्रोन्स'मध्ये युद्ध जेमतेम पेटलेलं असतं, पण ज्याला आपण नायक धरून चाललो होतो त्याचा निकाल त्याच खंडात लागतो. (न वाचलेल्यांसाठी नाव घेत नाही.) 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' १९६८ सालचं, जेमतेम दोनशे पानांचं. पोराने गर्वापायी एक सावली मोकळी सोडली आणि शेवटी तिच्यासमोर उभा राहिला. पुढचे खंड न वाचताही ते पुरं आहे.

तुमचा वेढा खुशाल चालू राहू दे. पण पहिल्या खंडाचा स्वतःचा एक प्रश्न हवा आणि त्याचं उत्तर त्याच खंडात हवं. तो प्रश्न कोणता, ते तुमच्या पोस्टमधून मला कळलं नाही. तुम्हाला माहीत आहे का?

आणि ते बारावं प्रकरण इथे टाका. निदान सुरुवात. चौथ्या वाचकाने जिथे वही धरून ठेवली ती जागा बघायची आहे.

रात्रवही:

पानोपान, खूप आभार. "प्रश्न कोणता" याचं उत्तर मी आज दिवसभर शोधलं. "हिमद्वार टिकेल का" असं लिहिलं आणि खोडलं. ते चारही खंडांचं झालं.

बाराव्या प्रकरणाची सुरुवात, खर्ड्यात आहे तशीच:

"नेवा मशाल घेऊन कोठारात शिरली. वहीत चारशे पोती होती. पुढच्या ओळी तिने रोजच्यासारख्या मोजल्या, प्रत्येक पोत्यावर तळवा टेकून. धान्याचं पोतं बसलेल्या माणसासारखं असतं, टेकलं की उलट टेकतं. नवव्या ओळीशी ती थांबली. इथे जमिनीवर उंदरांच्या लेंड्या नव्हत्या. आठव्या ओळीपर्यंत होत्या, पुढे एकही नाही. तिने नवव्या ओळीतल्या पोत्यावर तळवा ठेवला. ते आत गेलं.

मागे किल्ल्यांच्या जुडग्याचा आवाज झाला. कोठारप्रमुख दाराशी उभा होता. 'झाली मोजणी?' त्याने विचारलं आणि वहीवर सही करायला बोरू तिच्या हातात दिला. बोटांना बोटं लागली. त्याची बोटं गार होती. बाहेर अजून शरद होता."

इथून पुढे तिला कळतं की निम्म्या पोत्यांत भुसा आहे.

पानोपान:

हे तुमच्याकडे होतं आणि तुम्ही ते बाराव्या प्रकरणात ठेवलंत!

"त्याची बोटं गार होती." मी तुमच्या पोस्टमध्ये नियम वाचला होता, म्हणून मला लगेच कळलं. न वाचणाऱ्याला कळणार नाही, आणि ते जास्त चांगलं. त्याच्या मनात फक्त राहील की बोटं गार का होती. वीस पानांनी कोणीतरी हात लपवेल, चाळीस पानांनी लग्नात वधूपिता जावयाचा हात आपल्या हातात जरा जास्त वेळ धरून बघेल, आणि वाचक नियम स्वतःच शोधून काढेल. तुमची २२ पानं या चार शब्दांत आली आहेत. उपोद्घात काढा. फाडू नका, तो तुमच्यासाठी आहे. जपून ठेवा.

आणि राजपुत्राचा प्रवास मी वाचलेला नाही, पण एक विचारतो. त्या अकरा प्रकरणांत त्याच्या हातात असं एखादं पोतं येतं का?

तटबंदी:

बारावं प्रकरण वाचून राहवलं नाही. मध्ययुगीन वेढे हा माझा जुना नाद आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी एक दुरुस्ती. कोठारात उघडी मशाल कोणी नेऊ देणार नाही. सुकं धान्य, भुसा, हवेत उडालेली धूळ, एक ठिणगी पुरे. बंद कंदील द्या. त्या काळी काचेऐवजी शिंगाचा पातळ पापुद्रा लावत, उजेड पिवळसर आणि धूसर येतो. नेवाच्या हातात तो जास्त शोभेल.

आता आकडे. किल्ल्यात शिबंदी, म्हणजे राखणीची फौज, किती आहे ते तुम्ही लिहिलं नाही. फॅन्टसीत सर्रास पाच हजार वगैरे असते. पाच हजार माणसांना माणशी किलोभर धान्य धरलं तर रोज पाच टन. त्यात हजार घोडी असतील तर प्रत्येकाला साडेचार किलोच्या आसपास चंदी, वैरण वेगळी. म्हणजे हजार घोडी पाच हजार माणसांएवढंच धान्य जवळजवळ फस्त करतात. चारशे पोत्यांत त्यांचा दोन दिवस निभाव लागेल.

खरे किल्ले बरेचदा फार थोड्या माणसांवर चालत. वेल्समधला हार्लेक, तेराव्या शतकाच्या अखेरचा, समुद्रकाठच्या कड्यावरचा भक्कम किल्ला. तिथे ठरवून दिलेली शिबंदी छत्तीस जणांची होती: किल्लेदार, तीस शिपाई आणि त्यातले दहा आडधनुष्यवाले, शिवाय पाद्री, लोहार, सुतार, पाथरवट वगैरे. उंच तट आणि अरुंद वाट असली की एवढे पुरतात.

तुम्ही ऐंशी माणसं आणि बारा घोडी धरा. रोज ऐंशी किलो माणसांचे, चोपन्न घोड्यांचे. पोतं पन्नास किलोचं धरलं तर चारशे पोती म्हणजे वीस टन. भागाकार करा, दीडशे दिवसांना थोडे कमी. शरदात वेढा पडला तर बर्फ वितळेपर्यंत बरोबर पुरतं. तुमचा आकडा तुम्ही कसा काढलात माहीत नाही, पण तो विलक्षण बरोबर आहे.

आणि निम्मा भुसा असेल तर पंचाहत्तर दिवस. घोड्यांची चंदी पहिल्या दिवसापासून बंद केली तर तेवढ्याच धान्यात माणसं सव्वाशे दिवस जगतात. पण हा निर्णय पहिल्या दिवशी घ्यायला भुसा आहे हे पहिल्या दिवशी माहीत हवं. आणि ते फक्त नेवाला माहीत आहे. हे लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला.

आणखी एक गोष्ट हाताशी ठेवा: बियाणं. तेराव्या-चौदाव्या शतकात इंग्लंडमध्ये गहू पेरणीच्या तीन-चार पट यायचा. एक पोतं पेरलं तर चार घरात येणार, त्यातलं एक परत मातीत. म्हणजे वेढ्यात बियाणं खाल्लं तर किल्ला वाचूनही खालची गावं पुढच्या वर्षी उपाशी. बियाण्याची कणगी वेगळी असते, कुलूप वेगळं असतं. त्याची किल्ली कोणाकडे ते आधीच ठरवून घ्या.

खालच्या गावातली माणसं वेढ्याआधी आत येतीलच. त्यासाठी शातो गायार किल्ल्याचा वेढा जरूर वाचा, १२०३-०४, फ्रान्समधली नॉर्मंडी. किल्लेदार रॉजर द लेसीने रसद जास्त दिवस पुरावी म्हणून लढू न शकणारी माणसं बाहेर काढली. पहिल्या टोळ्यांना वेढा घालणाऱ्या फ्रेंचांनी जाऊ दिलं. नंतरच्यांना अडवलं. आतले परत घेईनात, बाहेरचे वाट देईनात. शेकडो बायका-मुलं-म्हातारे ऐन हिवाळ्यात तट आणि वेढ्याच्या मधल्या पट्ट्यात अडकले आणि त्यातले कितीतरी तिथेच मेले. दार लावणाऱ्याने आधी त्यांना आसरा देण्याचा शब्द दिलेला असेल, तर तुमच्या जगात त्याच्या हाताचं काय होईल?

विषयांतर होतंय, पण इंग्लंडमधल्या रॉचेस्टर किल्ल्याचा वेढा सांगितल्याशिवाय राहवत नाही. १२१५ साली राजा जॉनने तिथल्या बुरुजाखाली सुरुंग खणला, लाकडी टेकू दिले, आणि ते टेकू पेटवायला चाळीस डुकरं मागवली. खाण्याच्या उपयोगाची नसलेली पण भरपूर चरबीची. बुरुजाचा कोपरा कोसळला. तरीही आतले लोक मधल्या भिंतीमागे सरकून लढत राहिले. शेवटी भुकेने शरण आले. तट पडून नाही, भुकेने.

शेवटी मला एक विचारायचं आहे. उंदरांच्या लेंड्या संपल्या म्हणजे धान्य संपलं, हे मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही. तुम्हाला कुठे सापडलं?

शब्दवेडी:

मी मुद्रितशोधन करते, त्यामुळे माझं लक्ष शब्दांकडेच जातं. दोनच गोष्टी.

उपोद्घातात "उदयापूर्वी", "हिमराशी", "भूमी" आणि बाराव्या प्रकरणात "लेंड्या", "तळवा", "पोतं". एकाच बाईने लिहिलंय असं वाटत नाही. दुसरी बाई ठेवा. राजालासुद्धा पहिल्या बाईची भाषा देऊ नका, तोही आजारी पडतो तेव्हा पाणीच मागत असेल.

दुसरं, नाइट, लॉर्ड, कॅसल असे शब्द पुढे कुठे वापरले असतील तर एकदा विचार करा. आपल्याकडे शिलेदार आणि बारगीर असे दोन वेगळे शब्द आहेत. शिलेदाराचा घोडा आणि हत्यार त्याचं स्वतःचं, बारगिराला घोडा सरकारी. तटबंदी यांचे आकडे वाचताना हेच मनात आलं. चंदी बंद करायची वेळ येईल तेव्हा बारगिराचा घोडा किल्लेदार हुकूम देऊन कापू शकतो. शिलेदाराचा घोडा कापायचा तर त्याची परवानगी लागेल. एका शब्दात तुमच्या प्रकरणाचं भांडण तयार आहे. मात्र हे शब्द आपला इतिहास सोबत घेऊन येतात, म्हणून मोजकेच घ्या. दोन-तीनच्या वर गेलात तर वाचक हिमद्वारातून उठून दुसऱ्याच किल्ल्यावर जाईल.

आणि "दोन मिनिटांत" असं कुठे लिहिलं असेल तर ते सगळीकडून काढा. तिथे मिनिट मोजणारं कोणी नाही. कंदिलातलं तेल किती उतरलं, सावली कुठल्या पायरीवर आली, असं काहीतरी.

वाचतेय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

रात्रवही:

तुम्हा सगळ्यांचे प्रतिसाद मी छापून घेतलेत आणि एकोणिसाव्या वहीत चिकटवलेत.

तटबंदी, आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. चारशेचा आकडा मी असाच घेतला होता, तो जुळला हे निव्वळ नशीब. शिबंदी माझ्या खर्ड्यात तीन हजार होती. आता ऐंशी.

उंदरांचं मात्र पुस्तकातलं नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका पशुखाद्याच्या गोदामात साठा मोजायला होते. तिथे रोज सकाळी पहिलं काम लेंड्या झाडण्याचं असायचं. एकदा वर्षअखेरच्या मोजणीत मागच्या रांगांमध्ये मला झाडायला काहीच मिळालं नाही. आधी बरं वाटलं. मग पोत्यावर हात टेकला. आत काय भरलं होतं ते सांगत नाही, पण खाद्य नव्हतं. वरिष्ठांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, मोजणी पोत्यांची आहे, आतल्या मालाची नाही. मोजणीचा कागद पुढे केला. मी बावीस वर्षांची होते.

मी सही केली.

पुढे काही झालं नाही. कोणी विचारलं नाही, काही महिन्यांनी मी नोकरी बदलली. पण त्या दिवशी घरी जाताना उजव्या हाताची बोटं गार पडलेली मला आठवतात. डिसेंबर होता, थंडीनेच असतील. शब्दाचा नियम मला त्यानंतर पुष्कळ वर्षांनी सुचला आणि तो कुठून आला हे मी परवा, पानोपान यांचा प्रतिसाद वाचेपर्यंत, स्वतःशीही बोलले नव्हते. उपोद्घातात मी तो नियम आठशे वर्षं मागे नेऊन एका देवतेच्या हातात ठेवला होता.

पानोपान, तुम्ही राजपुत्राबद्दल विचारलंत. अकरा प्रकरणं पुन्हा वाचली. त्याच्या हातात पोतं येत नाही. तो फक्त प्रवास करतो आणि मला जे जग दाखवायचं होतं ते बघतो. ती प्रकरणं काढली. आता तो वेढा पडायच्या आदल्या दिवशी थकलेल्या घोड्यावरून महादरवाजातून आत येतो, आणि आपण त्याला नेवाच्या डोळ्यांनी बघतो: अजून एक तोंड आणि अजून एक घोडा, म्हणजे रोजचे साडेपाच किलो.

शब्दवेडी, तो घोडा त्याचा स्वतःचा आहे. धन्यवाद.

नकाशा सुरुवातीला ठेवतेय, पण पाच राज्यांचा नाही. किल्ल्याचा: तट, विहीर, पागा, कोठार, बियाण्याची खोली. उत्तरायण, चालेल ना?

ही नवी सुरुवात, पहिलं प्रकरण:

"नवव्या ओळीपाशी उंदरांच्या लेंड्या नव्हत्या.

नेवाने कंदील खाली ठेवला. शिंगाच्या पापुद्र्यातून आलेला पिवळा उजेड जमिनीवर परातीएवढा पडला. आठव्या ओळीपर्यंत तिने केरसुणीने ढीग केला होता, रोजच्याएवढाच. पुढची फरशी स्वच्छ होती. उंदरांना या ओळींमध्ये काही काम नव्हतं.

तिने तळवा टेकला. धान्याचं पोतं बसलेल्या माणसासारखं असतं, टेकलं की उलट टेकतं. हे टेकलं नाही. शेजारचंही नाही. तिने एकेक करत सोळाव्या ओळीपर्यंत हात लावला आणि मग मोजायचं थांबवलं, कारण वहीत सोळाच ओळी होत्या."

पहिल्या खंडाचा प्रश्नही सापडलाय बहुतेक. वेढा त्यात संपत नाही.

उत्तरायण:

चालेल म्हणजे काय, हाच नकाशा हवा होता. विहीर कोठारापासून किती पावलांवर ते दाखवा.

पानोपान:

दोनदा वाचलं, मग बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने लगेच विचारलं ते इथे विचारतो. नेवा सही करते का?

रात्रवही:

करते. तिसाव्या पानाच्या आत. उरलेला खंड त्यानंतरचा आहे.